म्हाताऱ्या डोळ्यांसाठी घरातला उजेड: दिवा किती वॅटचा, त्याआधी तो कुठे लावायचा

दिवाळीला मुलगा पुण्याहून गावी येतो. आईला नीट दिसत नाही म्हणून तालुक्यातून २० वॅटची पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब आणतो आणि माजघराच्या भिंतीवर उंच ठोकून देतो. घर लख्ख होतं. तो परत गेला की आई तांदूळ निवडायला पुन्हा छपरीत जाऊन बसते आणि सांज झाली की सूप बाजूला ठेवते. विचारलं तर म्हणते, "लाईट डोयात खुपते रे बापू, अन् सुपात त काईच दिसत नाई."

वाशीम, यवतमाळ, चंद्रपूर, विदर्भातल्या कुठल्याही जिल्ह्यातल्या गावात हे ऐकायला मिळतं. घरातल्यांना वाटतं म्हातारी हट्ट करते. ती हट्ट करत नाही. ट्यूब डोळ्यात खुपते हेही खरं आणि सुपात उजेड नाही हेही खरं. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते कळलं की दुकानात जाऊन काय मागायचं हे आपोआप कळतं, म्हणून आधी डोळ्याबद्दल थोडं.

वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि अंधारातही पूर्वीइतकी मोठी होत नाही. तिच्या मागचं भिंग पिवळसर आणि गढूळ होतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोहोचतो. सत्तरी, ऐंशीत आणखी कमी. म्हणजे तीस वर्षांचा मुलगा खोलीत उभा राहून "भरपूर उजेड आहे" म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या डोळ्यांचं सांगत असतो. आईच्या वाट्याला त्यातला जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा आलेला असतो.

मग मोठा दिवा लावला की झालं, असं वाटेल. तिथेच गडबड होते. गढूळ भिंगातून उजेड सरळ आत जात नाही, तो फुटून सगळीकडे पसरतो. रात्री धुळीने माखलेल्या काचेतून समोरच्या ट्रकचा हेडलाईट पाहिला तर रस्ताच दिसेनासा होतो, तसंच मोतीबिंदू धरलेल्या डोळ्याला उघड्या ट्यूबसमोर होतं. म्हणून म्हाताऱ्या माणसाला उजेड जास्त हवा असतो आणि दिवा मात्र दिसायला नको असतो. उजेड कामावर पडावा, डोळ्यांवर नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

आणखी एक बदल घरच्यांच्या लक्षातच येत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावायला म्हातारपणी बराच जास्त वेळ लागतो. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे बाहेर जवळपास एक लाख लक्स उजेड असतो, आणि ऊन आत येऊ नये म्हणून लहान खिडक्या ठेवलेल्या आपल्या घरात पन्नास-शंभर. आबाजी वावरातून किंवा पारावरून येतात, उंबरठा ओलांडतात आणि काही क्षण त्यांना काहीच दिसत नाही. दारामागे ठेवलेली बादली, खाली पसरलेली सतरंजी, एक पायरी खाली असलेलं माजघर, सगळं त्या काही क्षणांत पायात येतं. म्हणून दाराजवळच्या पहिल्या खोलीत भर दुपारीही एक दिवा लागलेला असावा. "दिवसा लाईट कशाला?" असं घरात सगळेच म्हणतील, तरी लावावा. दारातून आल्यावर टेकायला एक खुर्ची ठेवली आणि "जरा बसून मग आत या" म्हणायची सवय लावली तर फारच उत्तम.

आता वॅट. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. तो उजेड किती देतो ते लुमेन सांगतं, आणि हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ते ८०० लुमेन द्यायचा, १०० वॅटचा १३०० ते १४००. आजचा ९ वॅटचा एलईडी बल्ब ८०० ते ९०० देतो. २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, त्यानंतर हे बल्ब स्वस्तात गावोगाव पोहोचले, बिलं कमी झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण जिथे आधी चार फुटी ४० वॅटची ट्यूब होती, तिच्याजागी कोणी ९ वॅटचा एकच बल्ब लावला असेल, तर त्या खोलीतला उजेड निम्म्याहूनही कमी झालाय. ती जुनी ट्यूब २४०० लुमेनच्या आसपास द्यायची.

लुमेन म्हणजे दिव्यातून निघालेला उजेड, आणि लक्स म्हणजे सुपात, पोथीवर, पायरीवर प्रत्यक्ष पडलेला. आपल्याला दुसरा मोजायचा आहे. हिशेब सोपा आहे. छताला ९ वॅटचा बल्ब लावला आणि आजी खाली बसल्या, त्यांच्या मांडीपासून दिवा सहा फुटांवर आहे असं धरा. मांडीवर पडतात साधारण ४० लक्स. तोच बल्ब शेड लावून त्यांच्या खांद्याच्या बाजूने दोन फुटांवर आणला की ३५० च्या वर जातात. अंतर एक तृतीयांश झालं की उजेड नऊपट होतो. एक पैसाही जास्त वीज न जाळता. वाचनासाठी साधारण ३०० ते ५०० लक्स धरतात, आणि सत्तरीच्या माणसाला त्याच्या दुप्पट दिले तरी ते जास्त होत नाहीत. मोठी ट्यूब का उपयोगी पडली नाही याचं उत्तर या हिशेबात आहे: ती लांब होती आणि डोळ्यांसमोर होती.

मोबाईलमध्ये लक्स मोजणारं एखादं फुकट ॲप घेता येतं. आकडा अगदी अचूक नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. आजी बसतात तिथेच बसायचं, फोनची काच वर करून मांडीवर ठेवायचा आणि पाहायचं. आणि त्याच जागेवरून वर पाहायचं, उघडा बल्ब डोळ्यांना दिसतो का? दिसत असेल तर त्याला शेड हवी किंवा जागा बदलायला हवी. लेटून असणाऱ्या माणसासाठी तर बाजेवर आडवं पडूनच पाहावं लागतं, कारण त्यांचं तोंड दिवसभर छताकडेच असतं.

खांद्याच्या बाजूने म्हणालो त्याला कारण आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली सुईवर, अक्षरावर पडते. पाठीमागे दिवा असेल तर डोक्याची सावली पडते. आपल्या स्वयंपाकघरांत नेमकं हेच होतं. बल्ब खोलीच्या मध्ये, चूल किंवा गॅस भिंतीला, आणि बाई मधे उभी. भाजीत मीठ पडलं की नाही हे ती अंदाजानेच पाहते. भांड्यांच्या फळीखाली एक लहान एलईडी पट्टी लावली, तिची कड थोडी झाकली, की प्रश्न मिटतो. चुलीच्या धुराने भिंत काळी झालेली असेल तर आधी तिला चुना किंवा पांढरी माती लावा. काळी भिंत उजेड गिळते, पांढरी परत देते. कितीही चांगला दिवा आणा, काळ्या भिंतीच्या खोलीत तो अर्धा वाया जातो.

उजेडाइतकंच महत्त्वाचं आहे वस्तू आणि तिच्या मागची जागा यांतला फरक. स्टीलच्या ताटात पांढरे तांदूळ आणि पांढरे खडे म्हाताऱ्या डोळ्याला एकच दिसतात. तेच गडद रंगाच्या परातीत घेतले तर खडा लगेच उठून दिसतो. बीपीची पांढरी गोळी पांढऱ्या चादरीवर पडली की गेलीच. औषधाच्या डब्याखाली एक निळं किंवा हिरवं फडकं अंथरून ठेवावं. पायऱ्यांच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळा पट्टा ऑइलपेंटने ओढावा. उंबरठ्यावर हळदीकुंकू असतं म्हणून तो निदान दिसतो. न्हाणीची पायरी आणि मागच्या दाराची पायरी मात्र जमिनीच्याच रंगाची असते, आणि पाय तिथेच चुकतो.

रंगाबद्दल दुकानदाराला स्पष्ट सांगावं लागतं, कारण तो न विचारता सर्वांत पांढरा दिवा देतो. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. निळसर उजेड गढूळ भिंगात जास्त पसरतो, म्हणून तो जास्त खुपतो. संध्याकाळनंतर तो झोपही लांबवतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या पाहायचं काम फारसं करत नाहीत, दिवस आहे की रात्र हे मेंदूला सांगतात, आणि त्या निळ्या उजेडाला जास्त दाद देतात. रात्री नऊ वाजता ६५०० च्या ट्यूबखाली बसलेल्या आजोबांच्या शरीराला अजून दिवस मावळलाच नाही असं वाटतं, आणि मग "झोप येत नाही" म्हणून गोळी मागितली जाते. माझं मत: कामाच्या जागी ४०००, झोपायच्या खोलीत ३००० च्या आतबाहेर, आणि ६५०० म्हाताऱ्या माणसाच्या घरात नकोच. पावसाळ्यात पिवळ्या दिव्यावर किडे-पाखरंही कमी येतात, हा फायदा वेगळाच. आणि सकाळी तासभर छपरीत, बाहेरच्या उजेडात बसणं रात्रीच्या झोपेला जितकी मदत करतं तितकी कुठलाच दिवा करत नाही.

खोक्यावर सीआरआय म्हणून आणखी एक आकडा असतो. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, १०० म्हणजे अगदी खरे. ८० च्या खालचा घेऊ नये, ९० चा मिळाला तर औषधं आणि भाजी पाहायच्या जागी लावावा. भाकरीला बुरशी आली का, पायाची जखम लाल झाली का, हे हलक्या दिव्यात कळत नाही, आणि साखरेचा आजार असलेल्या माणसाला रोज पाय पाहायचे असतात. स्वस्त बल्ब लुकलुकतो का तेही पाहून घ्या. फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरल्यावर काळे पट्टे सरकताना ठळक दिसले, तर तो बल्ब परत करा. डोकं दुखण्याचं ते एक कारण असू शकतं.

सर्वांत जास्त विचार रात्रीच्या वाटेचा करायला हवा. मधुमेह, प्रोस्टेट, लघवीची गोळी, कारण काहीही असो, वयस्क माणसाला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. गावातल्या घरात ही वाट फ्लॅटपेक्षा लांब असते: बाज, खोलीचं दार, मागची छपरी, पायरी, मग अंगण ओलांडून वाडीच्या कोपऱ्यातलं संडास. यातल्या प्रत्येक टप्प्याला उजेड बदलतो. त्यात पावसाळ्यात मण्यार रात्रीच फिरते, विंचू निघतात. अंधारात पाय कुठे पडतो ते दिसलंच पाहिजे.

इथे मोठा दिवा लावणं उलट घातक आहे. झोपेतून उठलेल्या डोळ्यावर लख्ख उजेड पडला की तो दिपतो, झोप मोडते, आणि परत येऊन दिवा मालवला की बाजेपर्यंतचं अंतर पूर्ण काळोखात चालावं लागतं. त्याऐवजी गुडघ्याच्या खाली, जमिनीकडे तोंड केलेले, पिवळसर मंद दिवे वाटेवर लावावेत आणि ते रात्रभर चालू राहू द्यावेत. बाजेवरून दिवा दिसू नये, फक्त जमीन दिसावी. बिलाची काळजी म्हाताऱ्यांनाच जास्त असते, म्हणून त्यांना हिशेब सांगा: अर्धा वॅटचा दिवा रोज दहा तास लावला तरी महिन्याला ०.१५ युनिट. पूर्वीचा झिरोचा बल्ब नावाला झिरो होता, तो साधारण १५ वॅट खायचा, म्हणजे साडेचार युनिट. कामाचा ९ वॅटचा दिवाही रोज पाच तास जाळला तर महिन्यात दीड युनिट होत नाही. माणूस पडून खुबा मोडला तर काय खर्च येतो ते गावात सगळ्यांनीच पाहिलेलं आहे.

मोठा दिवा लावायचाच असेल तर त्याचं बटण दोन ठिकाणी हवं, एक दाराशी, एक बाजेशी. वायरमनला "टू-वे स्विच" म्हणून सांगितलं की तो समजतो. बाजेशी लोंबकळणारं जुनं बेडस्विच मात्र काढून टाका. त्याची वायर पायात येते आणि वर्षानुवर्षं वाकून तिच्या आतली तार उघडी पडते. बटणात लहानसा लाल दिवा असलेलं मिळतं, अंधारात हात बरोबर तिथे जातो. न्हाणी आणि संडासात पाण्याची वाफ, शिंतोडे पोहोचणार नाहीत असा झाकणाचा दिवा लावा, त्याच्या खोक्यावर आयपी६५ लिहिलेलं असतं. मातीच्या ओल धरणाऱ्या भिंतींच्या घरात अर्थिंग नीट आहे का ते तपासून घ्या आणि मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा. शॉक बसताक्षणी ते वीज तोडतं. दिव्यांपेक्षा महाग पडेल, पण काही पुढे ढकलायचंच असेल तर दुसरं काही ढकला.

माणूस जवळ आला की आपोआप लागणारे सेन्सरचे दिवे आता तालुक्यालाही मिळतात. छान वस्तू आहे, हात न लावता अंगण उजळतं. पण आपल्या भागात एक अडचण आहे. बहुतेक सेन्सर शरीराची ऊब ओळखतात, म्हणजे शरीर आणि आजूबाजूची हवा यांतल्या तापमानाचा फरक. एप्रिल-मे मध्ये अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे दिवसा पारा ४५ अंशांपर्यंतही जातो आणि कित्येक रात्री हवा तिशीच्या आसपासच राहते. फरक फारसा उरत नाही, मग सेन्सर उशिरा लागतो किंवा लागतच नाही. नेमक्या ज्या रात्री म्हातारी माणसं अंगणात झोपतात त्याच रात्री. म्हणून वाटेवरचे मंद दिवे सतत चालू, आणि सेन्सरचा दिवा वरून भर म्हणून, असंच ठेवावं.

टिनाच्या छपराला आणखी काळजी लागते. मे महिन्यात टिनाला चिकटून असलेली हवा प्रचंड तापते आणि एलईडीच्या आतलं सर्किट उष्णतेनेच मरतं. दिवा टिनापासून दीड-दोन फूट खाली सोडा. तो जास्त टिकेल, आणि खाली आल्यामुळे उजेडही जास्त मिळेल. दिवसाच्या उजेडासाठी कवेलूच्या घरात दोन-तीन काचेची कवेलू आणि टिनाच्या घरात एक अर्धपारदर्शक पत्रा बसवता येतो. तो बसायच्या जागेच्या डोक्यावर न घेता जरा बाजूला घ्यावा, नाहीतर उन्हाचा झोत अंगावर येतो.

आता लाईन गेल्यावर काय? इन्व्हर्टर बल्ब म्हणून मिळतो त्यात लहान बॅटरी असते. वीज गेली की तो आपोआप मंद का होईना चालू राहतो. म्हाताऱ्या माणसाला अंधारात उठून काडेपेटी शोधावी लागत नाही, हे फार मोठं काम होतं. अट एकच, त्याचं बटण चालूच ठेवायला हवं. बटण बंद असताना वीज गेली तर तो लागेल यावर विसंबू नका. घरातल्यांनी महिन्यातून एकदा मुद्दाम मेन बंद करून तो किती वेळ चालतो ते पाहावं, कारण उन्हाळ्यात त्याची बॅटरी लवकर कमजोर होते. एक इन्व्हर्टर बल्ब बाजेच्या खोलीत आणि एक मागच्या छपरीत पुरे. त्याशिवाय उशाशी हातातली बॅटरी, म्हणजे टॉर्च, हवीच, बाजेच्या पायाला दोरीने बांधलेली, म्हणजे ती कुठे सरकत नाही.

रब्बीत मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, आणि गेलेली लाईन परत येताना झटका मारते. बल्बच्या खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट असं काही लिहिलं असेल तर तो कमी व्होल्टेजलाही स्थिर जळतो. ४ केव्ही सर्ज लिहिलं असेल तर झटकाही बराच सोसतो. असा बल्ब थोडा महाग असतो. घ्यावा.

हल्ली बरेच जण आईवडिलांना तालुक्याच्या ठिकाणी फ्लॅट घेऊन ठेवतात. तिथे वाट लहान असते, पण चकचकीत टाइल्समध्ये छताचे दिवे आरशासारखे दिसतात आणि फरशी ओली आहे की कोरडी ते कळत नाही. छतातले ते गोल बारीक दिवे डोळ्यांवर थेट येतात. त्यांच्याऐवजी दुधी काचेचे पसरट दिवे, आणि बसायच्या जागी एक उभा दिवा. जिन्यातला दिवा सोसायटीचा असतो आणि तो गेला की महिनाभर कोणी बदलत नाही. आपणच बदलून टाकावा.

दिवे बदलूनही काम होत नसेल, चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल, दिव्याभोवती कडी दिसत असतील, मधोमध डाग किंवा ओळी वाकड्या दिसत असतील, तर प्रश्न दिव्याचा राहिलेला नाही. डोळे तपासायलाच हवेत. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. शस्त्रक्रियेनंतर पिवळट भिंगाच्या जागी स्वच्छ भिंग येतं, आणि सगळं एकदम निळसर पांढरं दिसायला लागतं. काहींना आधी आवडलेला दिवा नकोसा होतो. तेव्हा महिनाभराने शेड, अंतर, रंग पुन्हा एकदा लावून पाहावेत. काचबिंदू निघाला तर गोष्ट वेगळी आहे: त्यात कडेची नजर जाते, गेलेली परत येत नाही, आणि कितीही दिवे लावले तरी बाजूला ठेवलेला पाट किंवा बादली त्या माणसाला दिसत नाही. तिथे थेंब वेळेवर घालणं आणि बाजेपासून न्हाणीपर्यंतची वाट रिकामी ठेवणं, ही दोन कामं घरातल्या कोणीतरी रोज अंगावर घ्यावी लागतात.